सायकलस्वार, रस्ता आणि अपघातानंतरचा पहिला तास

(मंडळाच्या वर्षावास व्याख्यानमालेत रविवारी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्षावासाच्या व्याख्यानमालेत सायकलीवरचे भाषण पाहून काहींना नवल वाटले असेल. परंतु कार्यकारिणीने हा विषय मुद्दाम ठेवला आहे आणि मला तो योग्य वाटतो. माझे सारे आयुष्य स्टिअरिंगमागे गेले. एस.टी.त चालक म्हणून लागलो आणि नव्या चालकांना शिकवणारा म्हणून निवृत्त झालो. सायकलस्वाराविषयी मी जे सांगणार आहे, ते बसच्या सीटवरून दिसलेले आहे. पुस्तकातून वाचलेला भाग शेवटी येईल. तो कायद्याचा आहे आणि आपल्यातल्या वकील मंडळींकडून मी तो समजावून घेतलेला आहे.

आज सायकल दोन प्रकारची माणसे चालवतात. एक, पहाटे पाच वाजता हेल्मेट घालून, चकचकीत कपडे घालून व्यायामाला निघालेली. त्यांच्याविषयी मला आदर आहे, पण आजचे बोलणे त्यांच्यासाठी नाही. दुसरे आपले लोक. रात्रपाळी संपवून परतणारा वॉचमन, एम.आय.डी.सी.तला कंत्राटी कामगार, पेपर टाकणारा मुलगा, चार घरची धुणीभांडी करणारी बाई, आणि शाळेला जाणाऱ्या मुली. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली मिळतात. फार चांगली योजना. पण सायकल हातात आल्यावर ट्रकच्या बाजूने ती कशी न्यावी, हे त्या मुलीला कोणी शिकवत नाही. मोटारसायकलला परवाना लागतो, परवान्याला परीक्षा लागते. सायकलला काहीच लागत नाही. नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारता आली, दोनदा गुडघे फुटले, की शिक्षण संपले!

आणि रस्ता तर एकच आहे. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, असे केंद्र सरकारच्या अहवालात छापलेले आहे. महाराष्ट्रातली त्यांत १५,२२४. रोजच्या हिशेबाने महाराष्ट्रात चाळीसहून अधिक घरांत रडारड. आगगाडीचा अपघात झाला की देश हळहळतो. हे चाळीस मात्र कोपऱ्यातल्या चार ओळींच्या बातमीत जातात.

आता थोडे गणित. विद्यार्थ्यांनी कंटाळू नये, गणित सोपे आहे. ताशी ३६ किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात १० मीटर जाते. चालकाला समोर काही दिसले, मेंदूने ते ओळखले आणि पाय ब्रेकवर गेला, यात एक सेकंद तरी जातो. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच गाडी १० मीटर पुढे आली. त्यानंतर भरलेली बस कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी साधारण १० मीटर घेते. एकूण २० झाले. आता वेग दुप्पट करा, ताशी ७२. विचाराच्या सेकंदात २० मीटर गेले. पण ब्रेकचे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते, म्हणजे ४०. एकूण ६० मीटर. पावसात याहूनही जास्त. सायकलवाला म्हणतो, "त्याने मला पाहिले होते, थांबला असता." पाहिले असेलच. पण पाहणे आणि थांबणे यांच्या मध्ये ६० मीटर रस्ता असतो, हे त्याला कोणी सांगितलेले नाही.

आपल्या सायकलवाल्यांची सर्वांत मोठी सवय म्हणजे उलट्या बाजूने येणे. कारण मला ठाऊक आहे. दुभाजक फोडलेली जागा अर्धा किलोमीटर दूर असते, पाय दुखतात, चढ असतो. ज्या इंजिनियरने तो रस्ता आखला, त्याने पायडल मारणाऱ्या माणसाचा विचार केला नाही, हे मी कोणत्याही सभेत म्हणायला तयार आहे. तरीही उलट्या बाजूने येऊ नका. सायकल ताशी १५ आणि समोरून मोटारसायकल ताशी ४५. दोघे एकमेकांकडे ६० च्या वेगाने येतात. तेच एका दिशेने जात असतील तर फरक ३० चा राहतो. म्हणजे चुकवायला वेळ दुप्पट मिळतो. दुसरे असे की गल्लीतून बाहेर पडून डावीकडे वळणारा चालक नेहमी उजवीकडे पाहतो, कारण वाहने तिकडूनच येणार असतात. उलट आलेला सायकलवाला त्याच्या डावीकडून येतो, जिकडे त्याची मानच वळलेली नसते. अर्धा किलोमीटर वाचवायचाच असेल तर उतरा आणि सायकल हातात धरून कडेने चाला. उतरल्यावर तुम्ही पादचारी झालात, आणि पादचाऱ्याने समोरून येणारी वाहने पाहत चालणे चांगलेच.

आता जे सांगतो ते नीट ऐका. आजच्या भाषणातले एवढेच लक्षात राहिले तरी मी आलो त्याचे सार्थक झाले.

ट्रक किंवा बस डावीकडे वळत असेल तर तिच्या डाव्या बाजूला कधीही जायचे नाही. आम्ही त्या बाजूला क्लीनर साईड म्हणतो. चालक उजवीकडे बसतो, जमिनीपासून उंचावर. पुढच्या डाव्या कोपऱ्यापाशी, दाराच्या खाली आणि बंपरला लागून जी जागा असते, ती त्याला सीटवरून दिसत नाही. आरशात काही दिसते, काही दिसत नाही. पूर्वी ट्रकवर क्लीनर असायचा, तो खिडकीतून हात बाहेर काढून पत्र्यावर थाप मारायचा, "थांबा उस्ताद, सायकल हाय!" आता बहुतेक ट्रकांवर एकटा चालक असतो. थाप मारणारा हात गेला.

यापुढचा भाग अधिक घातक आहे. लांब गाडी वळते तेव्हा तिची मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, आतल्या बाजूने कापत जातात. मोठ्या बसची मागची चाके चार-पाच फूट आत येतात आणि ट्रेलर असेल तर त्याहून जास्त. सायकलवाला सिग्नलला डावीकडची फट पाहून पुढे सरकतो. त्याला वाटते, ट्रक सरळ जाणार, किंवा वळला तरी मला जागा आहे. ट्रकचे तोंड निघून जाते, जागा खरोखरच दिसते, आणि मग पोटाची बाजू हळूहळू त्याच्या अंगावर येऊ लागते. एका बाजूला फूटपाथचा दगड, दुसऱ्या बाजूला चालता पत्रा. वेग ताशी दहासुद्धा नसतो. मागच्या चाकाखाली माणूस गेला तर पुष्कळदा चालकाला धक्काही जाणवत नाही. जाणवला तर तो समजतो, फूटपाथच्या कडेवर चाक चढले. नव्या चालकांना मी हे मैदानात दाखवत असे. बांबू उभा करायचा, बस वळवायची आणि बांबू मागच्या चाकाखाली जाताना पाहायचा. एकदा पाहिलेला मुलगा ते विसरत नसे. आपल्या शाळांनी आपल्या मुलांना हे एकदा मैदानात दाखवावे, एवढी माझी मागणी आहे. खर्च एका बांबूचा.

तेव्हा सिग्नलला मोठ्या गाडीच्या मागे, दहा-बारा फूट अंतर ठेवून थांबा. तिचा आरसा तुम्हाला दिसत नसेल तर चालकालाही तुम्ही दिसत नाही, अशी खूण धरा. ती आधी जाऊ द्या. ट्रकच्या फाळक्याला किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला हात धरून फुकट ओढून घेणारी मुले मी पाहिली आहेत. त्यांच्याविषयी एवढेच म्हणतो की, ऊस भरलेल्या ट्रॉलीचे चाक खड्ड्यात गेले की ती ज्या बाजूला कलते, त्याच बाजूला यांचा हात असतो.

रस्त्याच्या अगदी कडेला चिकटून चालणे सुरक्षित, असा समज आहे. तो खरा नाही. डांबरावर डांबर चढून कडेला चार-चार इंचांची पायरी झालेली असते. चाक खाली उतरले आणि तुम्ही तसेच तिरके वर घेऊ लागलात, की सायकल आडवी होते आणि तुम्ही रस्त्याच्या मध्ये पडता. खाली उतरलात तर पूर्ण थांबून वर चढा. गटाराच्या जाळीच्या पट्ट्या चाकाला समांतर असतील तर चाक त्यात जाते. कडेपासून दोन-अडीच फूट आत, सरळ रेषेत चालावे. नागमोडी चालणाऱ्याला कोणीच ओळखू शकत नाही. वळायचे असेल तर आधी मागे पाहा, हात दाखवा, मग वळा. हात दाखवणे आणि वळणे एकाच क्षणी केले, तर त्या हाताचा काय उपयोग? आणि उभ्या मोटारींच्या शेजारून जाताना एका दाराइतके अंतर ठेवा. नेदरलँडमध्ये मोटारवाल्यांना दार उघडण्याची एक रीत शिकवतात, जो हात दाराला लांब पडतो त्याच हाताने उघडायचे. आपल्याकडे चालकाने उजवे दार डाव्या हाताने उघडावे. त्यामुळे अंग आपोआप वळते आणि मागून येणारी सायकल दिसते. करून पाहा, पैसे पडत नाहीत.

रात्रीचे सांगतो. आमच्या पिढीला आठवत असेल, सायकलला दिवा नसला की चौकातला पोलीस चाकातली हवा सोडायचा. डबलसीटला दंड होता. डायनॅमो चाकाला लावला की पायडल जड व्हायचे, म्हणून आम्ही पोलीस दिसल्यावरच तो लावायचो! तो धाक गेला, डायनॅमो गेले, आणि रस्त्यावरचा वेग मात्र तिप्पट झाला. सायकलवाला म्हणतो, "मला रस्ता दिसतो, दिव्याची गरज काय?" दिवा तुम्हाला दिसावे म्हणून नाही, तुम्ही दिसावेत म्हणून आहे. समोरून येणाऱ्या गाडीने डिपर दिला नाही तर तिच्या झोतात चालकाचे डोळे दिपतात आणि काही क्षण त्याला काळा रस्ता आणि काळे कपडे यांत फरक कळत नाही. पायडलला चमकपट्टी असेल तर ती वरखाली होते आणि दुरूनच कळते की हा माणूस आहे, दगड नाही. मागे लाल रिफ्लेक्टर, मडगार्डवर पांढरा रंग, अंगात फिकट सदरा. पावसात उघडी छत्री एका हातात धरून सायकल चालवू नये. तिने समोरचे दिसत नाही, वाऱ्याने सायकल ओढली जाते, आणि ब्रेकला एकच हात उरतो. आधीच ओल्या लोखंडी रिमवर ब्रेकचे रबर धरत नाही, म्हणून पावसात ब्रेक आधीपासून हलके दाबत राहावे, रिम पुसली जाते. मुलींनी ओढणी गाठ मारून बांधावी. मागच्या चाकाला जाळी बसवून घ्यावी. कानात गाणी नकोत.

हे झाले सायकलवाल्यांना. पण या सभेत रिक्षा, टेम्पो, जीप चालवणारेही बरेच बसले आहेत. त्यांनाही दोन शब्द. सायकलच्या पाठीला येऊन एकदम कर्कश हॉर्न मारू नका. घाबरलेला माणूस दचकून नेमका तुमच्या बाजूला वळतो. दुरून एकदा वाजवा. ओलांडताना दीड मीटर जागा सोडा. फ्रान्समध्ये कायद्यानेच गावात एक मीटर आणि गावाबाहेर दीड मीटर ठेवावे लागते. जर्मनीने २०२० पासून गावात दीड आणि बाहेर दोन मीटर केले. आपण तेवढी जागा नसेल तर थांबावे. पुढे खड्डा आहे तर सायकलवाला तो चुकवणारच, हे तुम्ही त्याच्या आधी ओळखले पाहिजे. ज्याच्या हाताखाली सोळा-अठरा टन लोखंड आहे, त्याची जबाबदारी मोठी. हे मी चालक असून म्हणतो.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही, कारण ती रस्त्यावरच्या अपघाताचीच आहे आणि आपल्या घरची आहे. १९२९ साली बाबासाहेब सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून खानदेशात गेले होते. परतताना चाळीसगावला लोकांनी आग्रह करून त्यांना उतरवून घेतले. स्टेशनवर टांगे होते, पण एकही टांगेवाला अस्पृश्याला घेऊन टांगा हाकायला तयार नव्हता. शेवटी तोड निघाली ती अशी की टांगा भाड्याने द्यायचा, पण हाकायचा नाही. मग आपल्यातलाच एक जण हाकायला बसला. त्याला टांगा हाकण्याचा सराव नव्हता. थोडे पुढे गेल्यावर एका मोटारीशी टक्कर होता होता वाचली. नंतर नदीच्या पुलावर चाक कडेच्या दगडाला लागले. बाबासाहेब फरसबंदीवर फेकले गेले आणि टांगा घोड्यासकट खाली गेला. त्यांचे पायाचे हाड मोडले, ते बेशुद्ध झाले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या टिपणांत हा प्रसंग आहे. ती १९९० साली पुस्तिकेच्या रूपाने छापली गेली.

ही गोष्ट आपण नेहमी जातिभेदाचे उदाहरण म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. एका बॅरिस्टरला टांगा मिळू नये, याहून मोठे उदाहरण कोणते? पण बाबासाहेबांनी त्यात आणखी एक गोष्ट नोंदवली आहे, तिकडे आपले लक्ष जात नाही. महारवाडा जवळ होता, चालत जाता आले असते. परंतु पाहुण्याला पायी नेणे लोकांना कमीपणाचे वाटले. त्यावर त्यांचे म्हणणे असे की, बसणाऱ्याचा जीव त्याच्या मानापेक्षा मोठा, हे लोक विसरले. त्यांनी राग धरला नाही, टांगेवाल्यांच्या वागण्याचे मूळही झाकले नाही, आणि तरी आपल्या माणसांची चूक स्पष्ट लिहिली. आज जयंतीच्या मिरवणुकीत एका मोटारसायकलवर तिघे उभे राहून जाणारी आपली मुले पाहिली, की मला तो पूल आठवतो. तीच मुले चौकात "मला कट मारला" म्हणून सायकल आडवी घालून भांडायला उतरतात. इथेही मान आड येतो, दुसरे काही नाही.

आता अपघात झाल्यानंतरचे. येथे मी थोडा सविस्तर बोलणार आहे, कारण आपल्या लोकांचे खरे नुकसान येथे होते.

प्रसंग नेहमीचा आहे. जीपचा धक्का लागून सायकलवाला पडतो. माणसे जमतात. तो उठून बसतो, कपडे झटकतो. चाकाचा आठ झालेला असतो. कोणीतरी पुढारपण घेऊन म्हणतो, "जाऊ दे, गरीब आहे, पाचशे दे आणि मिटव." पाचशे मिळतात, जीप जाते, गर्दी आपण न्याय केला म्हणून समाधानाने पांगते. सायकलवाला पाचशेत चाक नीट करून घेतो, घरी जातो, जेवतो, झोपतो. रात्री उलट्या सुरू होतात. डोक्याच्या आत रक्त हळूहळू साचत असेल तर माणूस काही तास अगदी नीट बोलतो, चालतो, आणि मग गुंगीत जातो. घरचे म्हणतात, दमला आहे, झोपू दे. शेजारी म्हणतात, घेतली असेल. सकाळी दवाखान्यात नेतात तेव्हा उशीर झालेला असतो आणि जीपचा नंबर कोणाकडेच नसतो.

म्हणून जागेवर मिटवू नका. डोक्याला मार लागला असेल, क्षणभर जरी शुद्ध गेली असेल, उलटी झाली, झोप आवरत नसेल, बोलणे जड झाले, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसली, कानानाकातून पाणी किंवा रक्त आले, तर त्याच वेळी रुग्णालय. दवाखान्यात "पडलो" असे सांगू नका. "वाहनाने धडक दिली" असे सांगा, म्हणजे पोलिसांत जाणारी नोंद होते. ती नोंद पुढे सगळ्याचा पाया ठरते.

जागेवर असताना आधी मागची वाहतूक थांबवा. जखमीला उचलायला वाकलेल्याला मागून धडक बसते, असे घडते. १०८ ला फोन करा, नाही लागला तर ११२. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि सारखे उचलून पाहू नका. पाणी पाजू नका; बेशुद्ध माणसाच्या श्वासनलिकेत ते जाते, आणि शस्त्रक्रिया करायची असेल तर अडचण होते. मान किंवा पाठ दुखते म्हणत असेल तर आग आणि रहदारी यांचा धोका नसताना त्याला बसवू नका, हात-पाय धरून रिक्षात टाकू नका. आता सगळ्यांच्या हातात फोन आहे. आपली माणसे त्यावर जखमीचे चित्र काढतात. जखमीचे नको, गाडीच्या नंबराचे काढा. सायकल कुठे पडली, काच कुठे सांडली, चाकाच्या खुणा कुठवर, याचे काढा. दोन साक्षीदारांची नावे आणि फोन. सायकल पंचनाम्याआधी दुरुस्त करू नका.

मदत केली तर पोलीस आपल्यालाच अडकवतील, ही भीती आता सोडा. १९८९ साली परमानंद कटारा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, जखमीचा जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य, पोलिसी सोपस्कार नंतर. ते प्रकरण स्कूटरवाल्याचेच होते. मोटारीने उडवलेल्या त्या माणसाला एका रुग्णालयाने 'ही पोलीस केस' म्हणून दूरच्या रुग्णालयाकडे पाठवले आणि तो वाटेत गेला. पुढे २०१६ साली त्याच न्यायालयाने मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक सूत्रे देशभर बंधनकारक केली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने ते संरक्षण मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ मध्ये आले. नाव सांगायचे की नाही, साक्षीदार व्हायचे की नाही, हे मदत करणाऱ्याने ठरवायचे. तसेच २०२५ च्या मे महिन्यात अपघातग्रस्तांसाठी रोकडरहित उपचारांची योजना अधिसूचित झाली: अपघाताच्या दिवसापासून सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत, ठरवून दिलेल्या रुग्णालयांत. दाखल करताना तिची चौकशी जरूर करा.

तुम्ही स्वतः गाडी चालवत असाल आणि तुमच्याकडून कोणाला लागले, तर कलम १३४ काय म्हणते? जखमीला दवाखान्यात पोचवा, पोलिसांना चोवीस तासांच्या आत कळवा, विमा कंपनीला कळवा. जमाव अंगावर येत असेल तर थांबून मार खा असे कायदा म्हणत नाही. सरळ पोलीस ठाणे गाठावे. पळून जाणे आणि पोलीस ठाण्यात जाणे यांत मोठा फरक आहे. आणि सायकलवाल्यांनीही समजून घ्यावे, म्हाताऱ्या माणसाला सायकलने पाडले तर बेदरकारपणाचे कलम सायकललाही लागते. शिवाय सायकलला विमा नसतो, भरपाई स्वतःच्या खिशातून.

भरपाईविषयी आपल्यात फार अज्ञान आहे. प्रत्येक मोटार वाहनाला तिऱ्हाइताचा विमा सक्तीचा आहे, आणि सायकलस्वार हा तो तिऱ्हाईत. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे अर्ज करता येतो, आणि तो आपण राहतो तिथल्या न्यायाधिकरणापुढेही चालतो. गाडीमालकाच्या गावाला खेटे घालण्याची गरज नाही. २०२२ च्या एप्रिलपासून कायद्यात सहा महिन्यांची मुदत आली आहे. तिच्यावर न्यायालयात वाद झालेले आहेत, पण आपण वादाच्या भरवशावर राहू नये. सहा महिन्यांच्या आत अर्ज गेलाच पाहिजे असे धरून चालावे. चूक कोणाची हे सिद्ध न करता कलम १६४ खाली मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मागता येतात. हाड मोडणे ही कायद्याने गंभीर दुखापत आहे. धडक देऊन पळालेली गाडी सापडलीच नाही, तरी २०२२ च्या योजनेखाली मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार आहेत. पूर्वी हेच आकडे पंचवीस हजार आणि साडेबारा हजार होते. तो अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदार यांच्याकडे जातो. यासाठी एफ.आय.आर. हवा, आणि त्याची प्रत फिर्यादीला फुकट मिळते, ती मागून घ्या.

न्यायाधिकरण रक्कम कशी काढते? माणसाचे उत्पन्न धरते आणि वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणते. पंचविशीपर्यंतच्या तरुणाला अठरा, वय वाढेल तसा तो कमी होतो. मग आपला बिगारी, आपली धुणीभांडी करणारी बाई किती कमावते याचा कागद कुठे असतो? नसतो. मुकादम रोख देतो आणि वहीत अंगठा घेतो. म्हणून जे काही मिळते ते बँकेच्या खात्यातून घ्या, नाहीतर निदान घरी एक वही ठेवा. आणि आपलीही चूक निघाली, उलट्या बाजूने आला होता असे सिद्ध झाले, तर त्या प्रमाणात रक्कम कापली जाते, हेही ध्यानात असू द्या.

वकिलाच्या फीचे काय? १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, स्त्री, मूल आणि कामगार यांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच त्यांचे कार्यालय असते. तरीही रुग्णालयाच्या दारात निम्म्या भरपाईच्या बोलीवर सह्या घेणारे दलाल फिरतात आणि आपली माणसे कोऱ्या कागदावर सह्या करतात. कोऱ्या वकीलपत्रावर, कोऱ्या स्टॅम्पवर सही करायची नाही. जखमीच्या बायकोला त्या वेळी काही सुचत नसते. तेव्हा तिच्याजवळ मंडळाचा एक तरी शिकलेला मुलगा बसलेला असावा. कॉलेजातल्या पाच-सहा मुलांनी हे काम अंगावर घ्यावे अशी माझी सूचना आहे, आणि अध्यक्षांनी ती कार्यकारिणीपुढे ठेवण्याचे कबूल केले आहे.

व्याख्यानानंतर चहा आहे. बाहेर कुंपणाला लावलेल्या सायकली मी येताना मोजल्या; सत्तावीस आहेत आणि त्यांतल्या नऊंनाच मागे रिफ्लेक्टर आहे. मी चमकपट्टीची दोन रिळे आणि एक कात्री आणली आहे. ज्यांना लावून हवी असेल त्यांनी चहा घेऊन सायकलीपाशी थांबावे. मागचे मडगार्ड आणि दोन्ही पायडल आधी फडक्याने पुसून ठेवा, ओल्यावर ती चिकटत नाही.